ने, पट, मागे, पैकी

सहावीच्या पुस्तकातलं गुणोत्तर-प्रमाणाचं प्रकरण दिसायला साधं आहे. आकडे लहान, उदाहरणं पेन-वह्या-फळांची, भागाकारही तोंडी जमावेत असे. वरच्या प्राथमिक वर्गांना वर्षानुवर्षं गणित शिकवताना मात्र एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. मुलं या प्रकरणात जितकी चुकतात तितकी दुसऱ्या क्वचितच कुठल्या प्रकरणात चुकत असतील, आणि चुकतात हे वर्षभर कोणाच्या लक्षातही येत नाही. कारण उत्तरं बरोबर येत असतात. १२ पेनांना ६० रुपये तर ७ पेनांना किती, या प्रश्नाला ३५ हे उत्तर जवळपास अख्खा वर्ग देतो. साठाला बाराने भागा, येईल त्याला साताने गुणा, झालं. त्या उत्तरामागे गुणोत्तराची समज आहे की नुसती दोन पायऱ्यांची सवय, हे ३५ कडे बघून सांगता येत नाही. ते कळतं पुढे. व्यस्त प्रमाण आलं, विज्ञानाच्या तासाला घनता आणि वेग आला, भूगोलात नकाशाचं प्रमाण वाचायची वेळ आली, की मग वरच्या वर्गाचे शिक्षक म्हणतात, पाया कच्चा आहे. असतोच, पण नेमका कुठे कच्चा राहिला हे कोणी सांगत नाही. माझ्या मते तो भाषेत कच्चा राहतो. गुणोत्तराचं चिन्ह आणि संज्ञा आपण मुलांच्या हातात फार लवकर देतो, आणि ज्या चार-पाच साध्या मराठी वाक्यांसाठी ते चिन्ह आहे ती वाक्यं त्यांच्याकडून बोलवूनच घेत नाही.

एका गटात ४ मुली आणि ६ मुलगे आहेत. एवढ्याच माहितीवर मराठीत काय काय बोलता येतं पाहा. मुलगे मुलींपेक्षा दोनने जास्त आहेत. मुलगे मुलींच्या दीडपट आहेत. दर दोन मुलींमागे तीन मुलगे आहेत. दहापैकी चार मुली आहेत. चारही वाक्यं खरी, चारही मुलांच्या रोजच्या बोलण्यातली, आणि चारही एकमेकांपासून वेगळी. वेगळेपण कशात आहे? 'ने', 'पट', 'मागे' आणि 'पैकी' या चार छोट्या शब्दांत. आता पुस्तक म्हणतं, मुली व मुलगे यांचं गुणोत्तर २ : ३. या चिन्हात तिसरं वाक्य सरळ सापडतं. दुसरं थोडी खटपट केली की काढता येतं. चौथ्यासाठी दोनात तीन मिळवून पाच हा आकडा स्वतःच तयार करावा लागतो, कारण तो चिन्हात कुठेच लिहिलेला नाही. आणि पहिलं वाक्य कायमचं गेलं. २ : ३ वरून मुलगे दोनने जास्त आहेत की वीसने, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. चिन्हाने काय ठेवलं आणि काय टाकलं याचा हा हिशेब मुलाला ठाऊक नसेल, तर त्याला दिलेलं २ : ३ म्हणजे मधे दोन ठिपके असलेले दोन आकडे, एवढंच. सकाळचे साडेदहासुद्धा मोबाइलवर असेच दिसतात.

सगळ्यांत मोठा घोटाळा 'ने' आणि 'पट' यांच्यात होतो. सरबताचं उदाहरण घ्या. ४ लिंबांना ६ चमचे साखर लागते, तर तितक्याच गोडीच्या सरबतासाठी ६ लिंबांना किती? सहावीच्या कुठल्याही वर्गात हा प्रश्न टाका, बरीच मुलं ८ म्हणतील. त्यांना कारण विचारावं. ते सरळ असतं. लिंबं दोनने वाढली, म्हणून साखर दोनने वाढवली. यात आळस नाही, अंदाजपंचेही नाही. मुलानं विचार केलेला आहे, फक्त नातं बेरजेचं धरलं आहे. ही आपल्याच मुलांची खोड आहे असंही नाही. अमेरिकेत रॉबर्ट कार्प्लस यांनी १९७० च्या सुमारास मुलांपुढे एक बुटका आणि एक उंच माणूस मांडला. बुटका ४ बटणं उंच किंवा ६ क्लिपा उंच. उंच माणूस ६ बटणांचा. मग त्याला क्लिपा किती? योगायोगानं आकडे आपल्या सरबताचेच. बरोबर उत्तर ९, आणि तिथेही कितीतरी मुलांनी ८ सांगितलं. इंग्लंडमध्ये कॅथलीन हार्ट यांनी संपादित केलेलं, ११ ते १६ वर्षांच्या मुलांच्या गणिताविषयीचं पुस्तक १९८१ मध्ये निघालं. त्यातही हीच बेरजेची वाट पुन्हा पुन्हा दिसते. पहिलीपासून मुलानं वाढ म्हणजे बेरीज हेच पाहिलेलं असतं, तेव्हा नवल वाटायला नको.

मग हे उत्तर खोडायचं कसं? 'चूक' असा शेरा मारून आणि ९ लिहून देऊन काहीच साधत नाही. मुलाचाच नियम धरून खाली उतरावं. ६ लिंबांना ८ चमचे, ४ लिंबांना ६, मग २ लिंबांना ४, आणि शून्य लिंबांना? दोन. लिंबूच नाही आणि साखर दोन चमचे. इथे वर्ग हसतो, आणि नियमात खोट आहे हे ज्याचं त्याला कळतं. यानंतर 'ने' सोडून 'पट' धरायला मूल तयार होतं: सहा लिंबं ही चार लिंबांच्या दीडपट, म्हणून साखरही दीडपट. राष्ट्रध्वजाचं उदाहरणही इथे उपयोगी पडतं, कारण तिथे चूक डोळ्यांना दिसते. ध्वजाची लांबी आणि रुंदी यांचं गुणोत्तर ३ : २ ठरलेलं आहे. ठरवून दिलेल्या आकारांत सर्वांत मोठा ६३०० × ४२०० मिलिमीटरचा आणि सर्वांत लहान १५० × १०० चा. मोठ्यात लांबी रुंदीपेक्षा २१०० मिलिमीटरने जास्त, लहानात फक्त ५० ने. 'ने'चा आकडा कुठल्या कुठे गेला, 'पट'चा जागचा हलला नाही, दोन्हीकडे दीडपट. ३ × २ सेंटिमीटरचा ध्वज 'एकने जास्त' या नियमाने वाढवत नेला तर ४ × ३, १० × ९, ३० × २९ असा होत होत तो चौकोनी रुमालासारखा दिसू लागतो. वहीच्या चौकटींवर मुलांनी हे एकदा काढून पाहिलं की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

उलट बाजूही तितकीच दाखवायला हवी, नाहीतर मुलं 'पट' सगळीकडे लावत सुटतात. आई ३० वर्षांची आणि मुलगी ६ वर्षांची. आई मुलीच्या पाचपट. सहा वर्षांनी आई ३६, मुलगी १२, आता तिप्पट. पट बदलली, २४ चा फरक तसाच राहिला. इथे 'ने' खरं बोलतं आणि 'पट' पाठ फिरवताच बदलते. एखादं नातं 'ने'चं आहे की 'पट'चं, हे आकड्यांत कुठेही लिहिलेलं नसतं. ते लिंबं, वयं, ध्वज यांच्यात असतं, आणि ते ओळखणं हेच गुणोत्तराचं खरं काम आहे. 'तीन पटीने वाढ झाली' असं वर्तमानपत्रात छापून येतं तेव्हा तिप्पट झालं की चौपट, याचा उलगडा बातमी लिहिणाऱ्यालाही होत नसावा. 'ने' आणि 'पट' एकाच शब्दात कोंबल्याचा तो परिणाम. सहावीतल्या मुलांपुढे अशी बातमी ठेवून वाद घालायला लावावा. तास सत्कारणी लागतो.

'मागे' या शब्दाची गोष्ट जरा निराळी. दर हे गुणोत्तर आहे, पण दोन वेगळ्या जातींच्या राशींमधलं, आणि त्यासाठी मराठीनं फार छान सोय करून ठेवली आहे. माणशी दोन लाडू. एकरी चाळीस टन ऊस. श्रमदानाला घरटी एक माणूस. दरडोई उत्पन्न. शेवटची ती 'ई' किंवा सुरुवातीचा तो 'दर' म्हणजे भागाकाराचं चिन्हच आहे, फक्त ते अक्षरांत लिहिलेलं. तिसरी-चौथीतलं मूल 'माणशी दोन लाडू, आपण सात जण' एवढं ऐकून चौदा लाडू मोजून आणतं. त्याला कोणी गुणोत्तर शिकवलेलं नसतं. पण हेच मूल सातवीत सरळव्याजाची उदाहरणं करताना 'द.सा.द.शे. १०' असं लिहितं आणि ती अक्षरं म्हणजे दरसाल दर शेकडा, हे बऱ्याचदा त्याला सांगता येत नाही. एका संक्षेपात दोन दर आहेत, एक वर्षामागे आणि एक शंभरामागे. ते उलगडून म्हटलं, शंभर रुपयांमागे वर्षाला दहा रुपये, की सूत्र पाठ करायची गरज निम्म्याने कमी होते. सूत्राआधी हे वाक्य म्हणून घेतलं पाहिजे, हा माझा आग्रह आहे.

'मागे' आणि 'पैकी' यांची गल्लत मोठी माणसंही करतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचं लिंग गुणोत्तर ९२९ आलं, देशाचं ९४३. याचा अर्थ विचारला तर 'हजारात ९२९ बायका' असं उत्तर शिकलेल्या माणसांकडूनही मिळतं. हजारात ९२९ बायका असत्या तर पुरुष उरले ७१. अर्थ असा आहे की दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया. म्हणजे १९२९ माणसांपैकी ९२९, सुमारे ४८ टक्के. हीच गल्लत मुलांच्या वहीत लहान आकड्यांत दिसते. मुली व मुलगे २ : ३ असतील तर वर्गातला कितवा भाग मुली? पटकन उत्तर येतं, दोन तृतीयांश. येणारच, कारण पुस्तकात २ : ३ हे गुणोत्तर लगेच दोन छेद तीन असंही लिहून दाखवलेलं असतं, आणि पाचवीपर्यंत मुलानं छेद म्हणजे एकूण भाग असंच घोकलेलं असतं. नियम दोन्ही बरोबर आहेत. ते एका ओळीत आणून ठेवण्याची घाई चूक आहे. यावर उपाय बांधकामाच्या जागी तयार आहे. गवंडी मालाला 'एकास सहा' म्हणतो, म्हणजे एक घमेलं सिमेंट, सहा घमेली वाळू. एकूण घमेली किती, असं त्याला विचारा. तो सात म्हणेल. 'एकास सहा' आणि 'सातपैकी एक' ही दोन्ही वाक्यं त्याच्या डोक्यात एकाच वेळी असतात, म्हणून त्याच्या हातून माल बिघडत नाही. पुस्तकातही २ : ३ चं वाचन 'दोनास तीन' असंच दिलेलं असतं. वर्गात मात्र ते 'दोन गुणोत्तर तीन' किंवा नुसतं 'दोन टिंब टिंब तीन' असं वाचलं जातं, आणि त्या 'स'बरोबर अर्थही गळून पडतो.

खताच्या गोणीवरचे आकडे हा तर शेतकरी घरांतल्या मुलांसाठी आयता धडा आहे, आणि तो मी कुठल्या पुस्तकात पाहिलेला नाही. गोणीवर १०:२६:२६ असं छापलेलं असतं आणि मुलं घरात 'दहा-सव्वीस-सव्वीस' असंच ऐकतात. गुणोत्तर शिकलेल्या मुलाला हे दाखवलं की ते ताबडतोब दोनाने भाग देऊन ५:१३:१३ असं संक्षिप्त रूप काढतं आणि शाबासकीची वाट बघतं. पण हे आकडे 'पैकी'चे आहेत. १०० किलो खतापैकी १० किलो नत्र, २६ किलो स्फुरद, २६ किलो पालाश. उरलेले ३८ किलो इतर द्रव्यं. ५० किलोच्या गोणीत प्रत्यक्षात ५, १३ आणि १३ किलो भरतात हे खरं, पण गोणीवर ५:१३:१३ छापलं तर ते निम्म्या ताकदीचं वेगळंच खत ठरेल. १५:१५:१५ आणि १९:१९:१९ ही दोन्ही खतं पुस्तकी रीतीने १:१:१. शेतकऱ्याला विचारा ती एक आहेत का. पहिल्यात शंभरापैकी ४५ किलो पोषण, दुसऱ्यात ५७. चिन्ह तेच, ठिपके तेच. संक्षिप्त रूप द्यायचं की नाही हे चिन्हाने सांगितलं नाही, 'पैकी' या शब्दाने सांगितलं. 'गणिताला भाषा लागत नाही' असं म्हणणाऱ्यांनी ही गोणी एकदा नीट वाचावी. उलट नकाशावरचं १ : ५०,००० खऱ्या अर्थाने गुणोत्तर आहे: कागदावरच्या कुठल्याही लांबीच्या पन्नास हजारपट जमिनीवर, एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर. तिथे 'पट' म्हटलं की काम भागतं.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप गणिताच्या बाजूने येतो, आणि तो वजनदार आहे. चिन्हाची ताकदच ही की ते लिंबू आणि साखर विसरायला लावतं. २ : ३ हे सरबताचं, ध्वजाचं, वाळूचं कशाचंही असू शकतं, म्हणूनच त्यावर एकदा केलेला विचार सगळीकडे चालतो. मुलाला बोलीतल्या वाक्यांत अडकवून ठेवलं तर ते तिथेच राहील, शिवाय बोली ढिली असते. हे मला मान्य आहे, एका अटीवर. विसरण्यासाठी आधी काहीतरी लक्षात असावं लागतं. ज्या मुलाने चारही वाक्यं बोलली आहेत त्यालाच चिन्ह हा सुटसुटीतपणा वाटतो. इतरांना ते आणखी एक पाठांतर वाटतं. आणि बोली ढिली असते म्हणावं, तर प्रमाण या शब्दाचं काय? आहारात मिठाचं प्रमाण, प्रमाणपत्र, प्रमाणवेळ, प्रमाणाबाहेर खर्च, नकाशाचं प्रमाण, आणि गणितात दोन गुणोत्तरांची समानता. इतक्या अर्थांचं ओझं घेऊन आलेल्या शब्दाला आपण काटेकोर समजतो, आणि 'दहापैकी चार'ला ढिलं. भास्कराचार्यांच्या १२ व्या शतकातल्या 'लीलावती'त त्रैराशिकाच्या तीन पदांना प्रमाण, फल आणि इच्छा अशी नावं आहेत: जे माहीत आहे ते, त्यातून मिळतं ते, आणि जेवढ्याचं हवं आहे ते. अडीच पल केशर तीन सप्तमांश निष्काला मिळतं तर ९ निष्कांना किती, असा तिथला प्रश्न आहे. उत्तर साडेबावन्न पल. पदांची ही नावं त्यांच्या कामावरून पडली आहेत, जागेवरून नाहीत. आपली पूर्वपद आणि उत्तरपद ही नावं फक्त जागा सांगतात. ती शिकवू नयेत असं मी म्हणत नाही. ती शेवटी यावीत, एवढंच.

दुसरा आक्षेप वयाचा. इनहेल्डर आणि पियाजे यांनी १९५० च्या दशकात प्रमाणाचा विचार किशोरवयाच्या उंबरठ्यावर, अकरा-बाराव्या वर्षानंतर येतो असं मांडलं, आणि त्यावर बोट ठेवून प्राथमिक वर्गांत या भानगडीत पडूच नये असं काही जण सांगतात. पूर्ण विचार उशिरा येतो हे मलाही दिसतं. सहावीतली सगळी मुलं वर्षाच्या शेवटी पक्की होतात असा दावा मी करणार नाही. पण बीज फार आधीपासून असतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. ३५ क्रुझेरोला एक नारळ, तर दहा नारळांचे किती, या प्रश्नावर बारा वर्षांच्या विक्रेत्या मुलाने तीन नारळांचे १०५, आणखी तिनांचे मिळून २१०, आणखी तिनांचे ३१५, आणि एकाचे मिळवून ३५० असा हिशेब केला. नारळ आणि पैसे त्याने दोन्ही हातांनी बरोबर चालवले. अशी मुलं गाडीवर जवळपास कधीच चुकली नाहीत; तेच हिशेब नुसत्या आकड्यांत कागदावर दिल्यावर निम्म्याहून अधिक चुकले. आपल्याकडे तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाढेच होते. त्या पाठांतराचा मला उमाळा नाही, ते पुन्हा आणावेत असंही नाही. पण सव्वापट, दीडपट, पावणेदोनपट, अडीचपट असे शब्द त्यातूनच भाषेत रुजले आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडी आजही आहेत. १ पूर्णांक १ छेद २ पेक्षा दीड त्याला जवळचा आहे. दीडपट लांब रेघ काढ म्हटलं तर ते काढतं. गुणोत्तर ३ : २ असलेली रेघ काढ म्हटलं तर पट्टी हातात घेऊन तुमच्याकडे बघत राहतं.

तिसरा आक्षेप वेळेचा आणि परीक्षेचा, आणि शिक्षकांच्या बैठकीत हाच सगळ्यांत मोठ्या आवाजात येतो. एकमान पद्धत हाताशी असताना वाक्यांचा घोळ कशाला? तिने उत्तर येतं, गुण मिळतात, पुढचं प्रकरण सुरू होतं. एकमान पद्धत वाईट नाही. एकाची किंमत काढणं हा अत्यंत शहाणा विचार आहे. पण वाक्याशिवाय दिलेली ही पद्धत मुलाच्या हातात आंधळी होते. एक सदरा उन्हात दोन तासांत वाळतो, तर पाच सदरे किती तासांत? दहा. सहा मजूर आठ दिवसांत भिंत बांधतात, तर बारा मजूर? सोळा दिवसांत. बेल्जियममध्ये ल्यूव्हेनच्या संशोधकांनी नेमकी ही खोड तपासली आहे: प्रमाण शिकवल्यावर मुलं ते लागू नसलेल्या ठिकाणीही लावतात, आणि शिकवणं जितकं यांत्रिक तितकं हे सोपं होत जातं. सदऱ्याच्या प्रश्नात मुलाला आधी वाक्य म्हणायला लावा, 'दर सदऱ्यामागे दोन तास'. म्हणता म्हणताच बरीच मुलं थांबतात, कारण दोरीवर सदरे एकाशेजारी एक असतात, एकामागून एक नाहीत. मजुरांचंही तसंच, मजूर दुप्पट झाले तर दिवस निमपट, हे वाक्य जिभेवर आलं की व्यस्त प्रमाणाचं अर्धं प्रकरण तिथेच शिकवून झालं. वाक्यांसाठी सहावीत चार-पाच तास जास्त जातात, हे खरं. ते न दिल्यामुळे सातवी-आठवीत शतमान, नफा-तोटा, व्याज, व्यस्त प्रमाण यांच्या प्रत्येक प्रकरणात पुन्हा 'आधी मागचं बघू' म्हणून जे तास जातात, त्यांची बेरीज कोणी करत नाही.

राहिला प्रश्न सेमी इंग्रजीचा. मुलं आता 'रेशो' आणि 'प्रपोर्शन' म्हणतात, मग मराठी वाक्यांचं काय करायचं? म्हणूनच जास्त करायचं. इंग्रजी संज्ञा आणि इंग्रजी पुस्तक असलं तरी घरात लाडू माणशीच वाटले जातात आणि माल एकास सहाच कालवला जातो. संज्ञा कुठल्याही भाषेतली असो, ती कशाला म्हणतात हे मुलाला ज्या भाषेत कळतं त्या भाषेत आधी बोलावं, आणि मग तिला हवा तो शब्द चिकटवावा. 'दोनास तीन' ऐवजी मूल 'दोनाला तीन' म्हणालं, 'मागं' म्हणालं, 'परतेक' म्हणालं तरी हरकत घेऊ नये. कुठला आकडा कोणाचा आणि कोणता आधी, एवढ्यावर मात्र अजिबात सूट देऊ नये. मुली व मुलगे २ : ३ आणि मुलगे व मुली २ : ३ ही दोन वेगळी गावं आहेत.

माझी विनंती प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना आहे, कारण वर्गात काय शिकवायचं हे पुस्तकापेक्षा तेच जास्त ठरवतात. गुणोत्तराच्या प्रकरणावर आकडे भरायचे प्रश्न खुशाल ठेवा, पण त्यांतला एक काढून त्याजागी असा ठेवा: '३ : ५ हे गुणोत्तर ज्यात येईल असे एक उदाहरण घ्या आणि ते पट, मागे, पैकी हे शब्द वापरून तीन वाक्यांत लिहा.' त्यासाठी तीन गुण द्या. आणि शाब्दिक उदाहरणांत नुसत्या उत्तराला पूर्ण गुण देणं थांबवा. एक गुण उत्तराला, एक गुण वाक्याला.